कोरं पान – ६ : जुनी वही, नवी दंतकथा

गेल्या भागात आपण वहीची शिवण उसवून पाहिली. आज वह्यांचं वेड पाहू, म्हणजे जुन्या वह्या-डायऱ्यांवर जीव टाकणाऱ्या मंडळींचं. त्यांच्या गप्पांत एक नाव हमखास निघतं : मोलस्किन. काळं कडक कव्हर, गोल कोपरे, पानं दाबून धरणारं इलॅस्टिक, खुणेची रिबीन आणि मागच्या पुठ्ठ्याला चिठ्ठ्याचपाट्यांसाठी कप्पा. हातात घेतली की वाटतं, ही पणजोबांच्या काळापासून चालत आलेली असणार. प्रत्यक्षात या नावाने ती विकायला आली १९९७ साली.

तिच्यामागची गोष्ट मात्र जुनी आहे. ब्रूस चॅटविन हा इंग्रज प्रवासलेखक पॅरिसमधल्या एका दुकानातून मेणकापडी कव्हरच्या, चौकटीच्या पानांच्या काळ्या वह्या घेत असे. पहिल्या पानावर नाव-पत्ता, आणि हरवलेली वही आणून देणाऱ्याला बक्षीस. ऑस्ट्रेलियाला निघण्यापूर्वी दुकानदारीण त्याला म्हणाली की माल मिळणं अवघड झालंय, तेव्हा त्याने एकदम शंभर वह्या मागितल्या. आणि मग कळलं की वह्या करणारा फ्रान्समधल्या तूर शहरातला कारखानदार वारला, वारसांनी धंदा विकून टाकला. हे सगळं चॅटविनने ‘द साँगलाइन्स’ या १९८७ च्या पुस्तकात लिहून ठेवलं. दोनच वर्षांनी तोही गेला. त्याच्या वह्या आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत.

पुढे मारिया सेब्रेगोंदी या इटालियन बाईंच्या वाचनात हे पुस्तक आलं. मिलानच्या मोदो अँड मोदो कंपनीला त्यांनी सुचवलं, ही वही पुन्हा काढा. कंपनीने काढली, नावाचा ट्रेडमार्क घेतला आणि सोबत एक घडीपत्रिका घातली : हेमिंग्वे, पिकासो, व्हॅन गॉग यांच्या खिशातली ही वही! आता, व्हॅन गॉग वारला १८९० मध्ये. हेमिंग्वेने ‘द सन ऑल्सो रायझेस’चा पहिला खर्डा लिहिला तो फ्रेंच शाळकरी पोरांच्या वह्यांमध्ये. ही जरा अतिशयोक्ती आहे, असं कंपनीच्याच माणसाने पुढे एका वार्ताहरापाशी कबूल केलं. खपाला त्याने काही धक्का लागला नाही. २०१३ मध्ये मोलस्किन मिलानच्या शेअरबाजारात उतरली, २०१६ मध्ये एका बेल्जियन उद्योगसमूहाने ती विकत घेतली. बऱ्याचशा वह्या चीनमध्ये तयार होतात. आणि चॅटविनची ती बक्षिसाची ओळ आता पहिल्या पानावर छापूनच येते. रक्कम तेवढी आपण भरायची.

मला यात फसवणूक फारशी दिसत नाही. वहीच्या आठवणीचा बराचसा भाग नेहमीच उसना असतो. दौत-टाक कधीही न वापरलेली विशीतली मुलं पन्नास सालची डायरी जुन्या बाजारात शोधतात, ती स्वतःच्या आठवणीसाठी नव्हेच. आणि एक वस्तू बंद झाली की तिचं मोल कसं चढतं, हे वारंवार दिसतं. तोमोए रिव्हर हा जपानी कागद घ्या. एका चौरस मीटरचं वजन अवघं ५२ ग्रॅम, इतका पातळ, तरी शाई फुटत नाही. मूळ गिरणीने तो करणं थांबवलं आणि २०२१ मध्ये दुसऱ्या गिरणीकडे दिला, त्याबरोबर जगभरच्या शाईपेनवाल्यांनी जुन्या कागदाचे गठ्ठे घरात भरून ठेवले. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय अर्थखात्याने मंत्रालयं आणि सरकारी उपक्रमांना डायऱ्या-कॅलेंडरं छापू नका असा आदेश दिला. वर्षानुवर्षं फुकट मिळणारी, किराण्याचा हिशेब लिहायची ती जाडजूड डायरी त्यानंतर कशी आठवू लागली, ते पाहिलंच आहे आपण. (मे महिन्यात जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून दाभणाने शिवलेली ‘कच्ची वही’ अजून कुठल्या कंपनीने हजार रुपयांना विकायला काढलेली नाही. काढतील.)

मग जुन्या वहीत खरंच काही चांगलं होतं का? होतं. शिवण. दुमडलेल्या पानांचे जुडगे दोऱ्याने शिवलेले असल्याने ती सपाट उघडते, पान सुटत नाही. कागदाला वरून खळही बरी असायची, कारण लिहिणं शाईनेच होतं. बॉलपेनचं राज्य आल्यावर गिरण्यांना ती काळजी उरली नाही. म्हणूनच नव्या मोलस्किनमध्ये शाई मागच्या पानावर उतरते, ही शाईपेनवाल्यांची नेहमीची कुरकुर.

पण ‘जुना कागद तो जुना कागद’ हे मला मान्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिंध्यांच्या जागी लाकडाचा लगदा आला आणि खळीसाठी राळ व तुरटी. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं, ते तंतू तोडतं. लगद्यातलं लिग्निन हवा-उजेडाने पिवळं पडतं. १९८० च्या दशकापासून मोठ्या गिरण्या आम्लरहित पद्धतीकडे वळल्या. म्हणजे आजोबांची १९५० ची वही ही कागदाच्या इतिहासातल्या वाईट काळातली. पुण्याच्या पेशवे दप्तरातले अठराव्या शतकातले हातकागद, ज्यासाठी जुन्नर प्रसिद्ध होतं, तिच्यापेक्षा आज कितीतरी धडधाकट आहेत. आणि जुन्या वहीचा तो व्हॅनिलासारखा, गोडसर वास? तो कागद कुजण्याचा वास आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या मंडळींनी २००९ मध्ये याच वासातल्या वायूंवरून कागद किती खराब झालाय, हे ओळखून दाखवलं.

तेव्हा जुन्या वह्यांचा नाद असेल तर जरूर करा, पण घेताना वास घेऊ नका, शिवण पाहा. घरात एखादी रोजनिशी असेल तर तिच्या गंजक्या पिना अलगद काढा, पानांत ठेवलेली फुलं आणि वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी करा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. कोरड्या, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. माळ्यावर तर मुळीच नको; तिथल्या उष्म्याने कागद फार लवकर मरतो. आणि पानांचे फोटो याच आठवड्यात काढून ठेवा.

(पुढील भागात : लाल कापडी चोपडी आणि तिचा बाइंडर)