उपाशी व्हॅलेन्सियाचा विजेता

१०९४ सालचा वसंत ऋतू. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सिया शहरात धान्याची मापं लहान होत चालली होती. वेढा पडला तेव्हा गहू मोठ्या मापानं विकला जात होता. मग तो रतलावर आला आणि शेवटी औंसावर. कांदा आणि चीजही औंसाच्या हिशेबानं. बाजारातली जनावरं संपली, तशी लोकांनी मांजरं आणि उंदीर मारून खाल्ले. त्यानंतर काहींनी जे खाल्लं ते लिहिताना कुणाचाही हात थरथरेल. पण ते लिहिणारा एक माणूस त्या शहरात होता. इब्न अल्कमा त्याचं नाव. भाव कसे चढत गेले, याची नोंद त्यानं एखाद्या वाण्याच्या वहीसारखी ठेवली.

तटाबाहेर ज्याचा तळ पडला होता तो रोद्रिगो दियास. जग त्याला ‘एल सिद’ म्हणून ओळखतं.

स्पेनचा राष्ट्रपुरुष, मुसलमानी सत्तेशी झुंजलेला ख्रिस्ती वीर, ही त्याची प्रतिमा पुतळ्यांनी आणि सिनेमानं घराघरात पोचवली. १९६१ साली आलेल्या चित्रपटात चार्ल्टन हेस्टननं त्याची भूमिका केली होती. पण मुळात त्याचं हे नावच अरबी आहे. ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे धनी’, याचं बोलीतलं रूप ‘सीदी’, आणि त्यावरून सिद. त्याला या नावानं हाक मारणारे पहिले लोक बहुधा त्याच्या हाताखाली लढलेले मुसलमान शिपाईच असावेत.

रोद्रिगोचा जन्म बुर्गोसजवळच्या विवार गावचा, साधारण १०४५ च्या आसपासचा. घराणं सरदारांचं, पण पहिल्या फळीतलं नव्हे. तो कास्तीलच्या सांचो राजाच्या पदरी वाढला. १०७२ मध्ये झामोराच्या वेढ्यात सांचोचा खून झाला आणि गादी त्याचा भाऊ अल्फॉन्सो सहावा याच्याकडे गेली. नव्या राजानं रोद्रिगोला ठेवून घेतलं, पण दोघांचं सूत कधी पुरतं जुळलं नाही. टोलेडोच्या मुलखात रोद्रिगोनं परवानगीवाचून लूट केली, म्हणून १०८१ मध्ये राजानं त्याला हद्दपार केलं.

परागंदा झालेला हा सरदार गेला कुठे? सारागोसाच्या मुसलमान राजाकडे. तिथे त्यानं पाच वर्षं चाकरी केली. त्यातला बराच काळ त्याचा धनी होता अल-मुतमिन, ज्याचं नाव गणिताच्या इतिहासातही आदरानं घेतलं जातं. त्याच्यासाठी लढताना १०८२ मध्ये अल्मेनारच्या लढाईत रोद्रिगोनं बार्सिलोनाचा काउंट बेरेन्गेर रामोन याला पकडलं. हा काउंट ख्रिस्ती होता. पुढे १०९० मध्ये त्यानं याच काउंटला दुसऱ्यांदा कैद केलं, तेव्हा मात्र तो स्वतःच्या हिमतीवर लढत होता.

हे सगळं आजच्या वाचकाला विचित्र वाटेल, पण त्या काळाची रीतच तशी होती. कोर्दोबाची खिलाफत १०३१ मध्ये मोडली आणि मुसलमानी स्पेनचे तुकडे झाले. ‘ताइफा’ म्हणवणारी ही छोटी राज्यं श्रीमंत होती, सुसंस्कृत होती, पण लष्करात कमजोर. उत्तरेच्या ख्रिस्ती राजांकडे घोडदळ होतं आणि सोन्याची भूक होती. राज्यं जिंकण्यापेक्षा त्यांच्याकडून वर्षाला खंडणी उकळणं सोपं पडे. कोण कुणाच्या बाजूनं उभं राहणार, हे धर्माइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, खंडणी कुणाकडे जाते यावर ठरत असे.

१०८५ मध्ये अल्फॉन्सोनं टोलेडो घेतलं. तिथला दुबळा राजा अल-कादिर याला मोबदला म्हणून कास्तीलच्या फौजेच्या जोरावर व्हॅलेन्सियाच्या गादीवर बसवण्यात आलं. टोलेडो गेल्याच्या धक्क्यानं घाबरलेल्या ताइफांनी समुद्रापलीकडच्या अल्मोराविदांना हाक मारली. त्यांचा अमीर युसुफ इब्न ताशफिन मोरोक्कोतून उतरला आणि १०८६ मध्ये झल्लाकाच्या रणात त्यानं अल्फॉन्सोचा पुरता पराभव केला. आता खेळ बदलला होता. राजाशी पुन्हा दिलजमाई होऊन पुन्हा बिनसलेला रोद्रिगो पूर्व किनाऱ्यावर स्वतःची फौज बाळगून राहू लागला. अल-कादिरला संरक्षण द्यायचं आणि त्याच्याकडून पैसा घ्यायचा, हा त्याचा व्यवसाय झाला.

ऑक्टोबर १०९२ मध्ये व्हॅलेन्सियात उठाव झाला. पुढारी होता शहराचा काझी, इब्न जह्हाफ. अल्मोराविदांच्या पाठिंब्याच्या भरवशावर त्यानं शहर हाती घेतलं. अल-कादिर जडजवाहीर घेऊन पळण्याच्या बेतात असताना मारला गेला. रोद्रिगोला हवं होतं ते निमित्त मिळालं. खंडणी देणारा राजा मेला होता, आणि आता शहरच घ्यायची संधी समोर होती.

आजूबाजूचा मुलूख लुटत, एकेक उपनगर घेत त्यानं १०९३ मध्ये पाश आवळला. आतल्यांची सगळी आशा अल्मोराविद फौजेवर होती. ही फौज खरंच आली. रोद्रिगोनं पूल तोडले, पाणी सोडून शेतं बुडवली, जेणेकरून शत्रूला एकाच चिंचोळ्या वाटेनं यावं लागेल. रात्री शहरातले लोक बुरुजांवर चढून लांबवर पेटलेल्या छावणीच्या शेकोट्या बघत उभे राहिले. त्या रात्री मुसळधार पाऊस पडला. सकाळ झाली, लोक वाट पाहत राहिले, आणि मग बातमी आली की फौज मागे फिरली. या वेढ्याच्या सगळ्या हकिकतीत त्या सकाळीइतकी जीव कासावीस करणारी जागा दुसरी नाही.

त्यानंतर उरली फक्त भूक. सुरुवातीला बाहेर पडणाऱ्यांना वाट मिळत होती. काहींना व्यापारी गुलाम म्हणून विकत घेत. पण आतली तोंडं कमी झाली तर धान्य जास्त दिवस पुरेल, हे रोद्रिगोनं ओळखलं. मग बाहेर आलेल्यांना तटावरून दिसेल अशा जागी जाळण्याचा हुकूम सुटला, म्हणजे बाकीचे आतच थांबतील. वीरकथेत न बसणारी ही गोष्ट आहे, म्हणूनच ती सांगायला हवी. जून १०९४ च्या मध्याला शहरानं दरवाजे उघडले.

नव्या धन्यानं सुरुवातीला गोड बोलून घेतलं. कर कुराणानं सांगितलाय तेवढाच घेईन, सोमवारी आणि गुरुवारी स्वतः बसून तुमच्या फिर्यादी ऐकेन, असं त्यानं नागरिकांना सांगितल्याची नोंद आहे. काझीलाही काही काळ पदावर ठेवलं. ऑक्टोबरमध्ये अल्मोराविदांची नवी फौज चालून आली, तेव्हा त्यानं रात्रीच्या अंधारात आपली एक तुकडी वळसा घालून शत्रूच्या मागे पाठवली आणि दोन्हीकडून हल्ला चढवला. क्वार्तेच्या या लढाईतला विजय लष्करी दृष्टीनं त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा. अल्मोराविद सैन्य खुल्या मैदानात हरू शकतं, हे स्पेनमध्ये तेव्हा प्रथमच दिसलं.

पण पाय रोवल्यावर सूर बदलला. अल-कादिरच्या जवाहिरांवरून इब्न जह्हाफचा छळ झाला आणि १०९५ मध्ये त्याला खड्ड्यात अर्धवट पुरून जिवंत जाळण्यात आलं. यातना लवकर संपाव्यात म्हणून त्यानं पेटती लाकडं स्वतःच्या हातांनी अंगाजवळ ओढली, असं अरबी इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. शहरातल्या मोठ्या मशिदीचं चर्च झालं. तिथल्या बिशपला जमिनी देणारं १०९८ चं दानपत्र सालामान्काच्या कॅथेड्रलमध्ये आजही आहे आणि त्यावर ‘मी, रोद्रिगो’ अशी त्याची लॅटिन सही आहे. दंतकथांच्या या राशीत त्याच्या स्वतःच्या हातचं एवढंच.

पुढच्याच वर्षी, जुलै १०९९ मध्ये, तो व्हॅलेन्सियात वारला. प्रेताला घोड्यावर बांधून लढाई जिंकली, ही गोष्ट नंतर रचलेली. त्याची पत्नी खिमेना हिनं तीन वर्षं शहर लढवलं, आणि याचं श्रेय तिला क्वचितच मिळतं. १०९७ मध्ये एकुलता एक मुलगा दिएगो लढाईत गेलेला, नवरा गेलेला, अशा स्थितीत तिनं हे केलं. शेवटी ११०२ मध्ये अल्फॉन्सो मदतीला आला, पण हे ठाणं राखणं जमणार नाही, असं त्यानं ठरवलं. जाताना ख्रिस्ती फौजेनं शहराला आग लावली. राखेत अल्मोराविद शिरले. म्हणजे ज्या विजयासाठी एवढी माणसं उपाशी मेली, तो आठ वर्षंही टिकला नाही. व्हॅलेन्सिया कायमची ख्रिस्ती राज्यात आली ती १२३८ मध्ये, आरागॉनच्या जाउमे राजानं घेतली तेव्हा.

रोद्रिगो शूर होता, असामान्य सेनापती होता, हे त्याला शिव्याशाप देणाऱ्या इब्न बस्साम या अरबी लेखकानंही मान्य केलंय. पण तो धर्मयोद्धा नव्हता. स्वतःसाठी राज्य कमावायला निघालेला तो एक कर्तबगार आणि निर्दय माणूस होता. त्याच्यावरचं स्पॅनिश महाकाव्य सुंदर आहे, पण व्हॅलेन्सियाच्या भुकेला त्यात मोजक्या ओळी मिळाल्या आहेत.

इब्न अल्कमाचा मूळ अरबी ग्रंथ हरवला. त्याचे काही भाग नंतरच्या अरबी इतिहासांत टिकले, आणि फार मोठा भाग टिकला तो तेराव्या शतकात कास्तीलच्या अल्फॉन्सो दहाव्यानं सुरू केलेल्या स्पेनच्या इतिहासात, कास्तीली भाषेत. जिंकणाऱ्यांच्या भाषेनंच हरलेल्यांचा हंबरडा जपून ठेवला. एल सिदबद्दल वाचायची इच्छा असेल, तर महाकाव्य जरूर वाचा, पण त्याआधी वेढ्याची ही पानं वाचा.