लॉन मरतं ते अतिलाडानं

शेतकरी ज्या गवताच्या नावानं बोटं मोडतो, तेच गवत बंगल्याच्या अंगणात पैसे मोजून लावलं जातं. हरळी! ती रानात शिरली की खोल नांगरट करायची, काशा वेचायच्या, उन्हात वाळवून पेटवायच्या, आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा हजर. रोपवाटिकेत मात्र तिच्याच बारीक पानाच्या जाती ‘बर्म्युडा’ आणि ‘सिलेक्शन नंबर वन’ या पाट्यांखाली चौरस फुटाच्या भावानं विकल्या जातात. आपल्याकडच्या बहुतेक क्रिकेट मैदानांवर हीच असते, गणपतीला वाहायच्या दूर्वाही हिच्याच. नांगराला पुरून उरणारं हे गवत अंगणात आल्यावर वर्षा-दोन वर्षांत टकलं का पडतं? बहुतेक घरी कारण दुर्लक्षाचं नसतं, अतिलाडाचं असतं. रोज संध्याकाळी शिंपण, जमिनीसरशी कापणी आणि रंग उतरला की मूठभर युरिया.

पाण्यापासूनच सुरुवात करू. गवताच्या मुळ्या ओल असेल तिथपर्यंत जातात. रोज पाच मिनिटं पाइप फिरवला तर वरचा बोटभर थर भिजतो आणि मुळ्याही तिथेच रेंगाळतात; मग एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं की हिरवळ करपते. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा, पण वीतभर खोल ओल जाईल असं पाणी द्यावं. स्प्रिंकलर असेल तर लॉनवर तीन-चार सरळ काठांच्या वाट्या ठेवून पाहाव्यात. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी लागतं. ते जमायला किती वेळ लागतो आणि कुठला कोपरा कोरडा राहतो, हे त्या वाट्या सांगतात. वेळ पहाटेची उत्तम. रात्रभर ओली राहणारी पानं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

आता हिशेब. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फुटांच्या लॉनला त्या मापानं आठवड्याला सुमारे 2,300 लिटर पाणी लागेल, म्हणजे महिन्याला दहा हजार लिटरचा टँकर जवळजवळ रिकामा. ज्या गावात मार्चपासून टँकर सुरू होतात, तिथे हा आकडा लॉन लावण्याआधीच पाहिलेला बरा. हरळीवर्गातलं जुनं, रुजलेलं लॉन उन्हाळ्यात पिवळं पडू दिलं तरी बिघडत नाही. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं; जमिनीतल्या काशा जिवंत राहतात आणि पाऊस पडला की फुटतात. पाहुण्यांसमोर थोडी लाज वाटेल, एवढंच.

कापणीची गोष्ट जरा जुनी आहे. 1830 साली इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंग यांनी हिरवळ कापायचं यंत्र केलं. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव छाटायला फिरत्या पात्यांचं यंत्र होतं. तसंच गवतावर चालवावं असं त्यांना सुचलं. तोवर हे काम लांब दांड्याची कोयती आणि मेंढ्या करत. यंत्र आलं आणि गालिच्यासारख्या हिरवळीची हौस सामान्य घरांपर्यंत पोहोचली. आज ती हौस टीव्हीवरचं विम्बल्डन पाहून वाढते. तिथलं गवत 8 मिलिमीटर उंच ठेवतात हे खरं. पण ते थंड हवेतलं रायग्रास आहे आणि त्याच्या दिमतीला वर्षभर राबणारा ताफा आहे. विदर्भाच्या मे महिन्यात ते टिकायचं नाही.

घरच्या बर्म्युडाला इंच-दीड इंच उंची पुरते. मेक्सिकन लॉन म्हणून विकलं जाणारं गवत हळू वाढतं, त्याला दीड-दोन इंच असू द्यावं. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त पान छाटू नये, ही खरी मेख. पान हेच गवताचं स्वयंपाकघर. ते एकदम गेलं की मुळ्याही आखडतात. महिन्यातून एकदा ब्रशकटर घेऊन येणारा माळी नेमकं हेच करतो, आणि उघड्या पडलेल्या मातीत लव्हाळा आयता शिरतो. पावसाळ्यात आठवड्याला हलकी कापणी हवी, तीही गवत कोरडं असताना. पातं बोथट असेल तर पान कापलं न जाता फाटतं आणि दोन दिवसांत सगळ्या लॉनवर पांढुरकी झाक येते. बारीक कात्रण तिथेच पडू द्यावं, त्यातलं नत्र मातीत परत जातं.

लव्हाळा हातानं उपटणं म्हणजे त्याला फुटवा देणं. पात वर येते, गाठ खाली राहते. ओल्या मातीत खुरप्यानं गाठीसकट काढावा, आणि हे वर्षभर चालू ठेवावं. तो येतो बहुधा विकतच्या माती-शेणखतातून, तेव्हा ट्रॉली रिकामी करून घेण्याआधी माती चाळून पाहावी.

पावसाळ्यात मधूनच पिवळा पट्टा पडला आणि गवत सतरंजीसारखं हातात उचलून आलं, तर खाली हुमणी आहे. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात. ते गोळा करून नष्ट करणं हा उसाच्या शेतातला उपाय अंगणालाही लागू पडतो. मातीत मेटारायझियम ही उपयोगी बुरशी मिसळतात तीही याचसाठी.

खताचं थोडक्यात. युरिया चौरस मीटरला एका वेळी फार तर 10 ग्रॅम, कोरड्या पानांवर, आणि लगेच भरपूर पाणी. पावसाळ्याच्या तोंडी आणि पाऊस ओसरल्यावर चाळलेलं कुजकं शेणखत पातळ पसरलं तर युरियाची फारशी गरज उरत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत खत घालूनही पिवळेपणा जात नसेल, तर कमतरता बहुधा लोहाची असते. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेटची फवारणी करून पाहावी.

आणि सावली? आंब्याखाली हरळी जगत नाही, कितीही पैसे ओता. तिला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. जिथे ते नाही तिथे फरशी घाला, नाहीतर सावलीत वाढणारी झाडं लावा. नवं लॉन करायचंच असेल तर एका मोकळ्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता अंगणात ऊन कुठे पडतं ते खडूनं आखून घ्या, आणि रोपवाटिकेत त्यानंतरच जा.