खजिना पाण्यात, वऱ्हाड दगडात

बीड म्हटलं की बहुतेकांना दुष्काळ आठवतो आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या गाड्या. दोन्ही खरं आहे. पण पाणी कसं जपावं याचा धडा पाहायचा असेल तर याच जिल्ह्यात यावं लागतं.

बीड शहराजवळची खजाना विहीर माझ्या यादीत पहिली. निजामशाहीचा वजीर सलाबतखान याने १५८२च्या सुमारास ती बांधून घेतली. राजा भास्कर नावाच्या जाणकाराने तिची आखणी केली, असं परंपरा सांगते. विहिरीला तीन भुयारी पाट आहेत. दोन पाटांनी पाणी आत येतं आणि तिसऱ्याने खालच्या अंगाच्या शेतांकडे निघतं. मोट नाही, रहाट नाही, इंजिन नाही. सगळं काम जमिनीच्या उतारावर चालतं! सरकारी तिजोरीतला पैसा विहिरीवर गेल्याची कुणकुण लागून अहमदनगरहून विचारणा झाली, तेव्हा ‘खजिना विहिरीत सुरक्षित आहे’ असं उत्तर गेलं, अशी लोककथा आहे. नगरजवळ ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून लोक जी इमारत पाहायला जातात, ती याच सलाबतखानाची कबर.

शहरातलं कंकालेश्वर मंदिर तर उभंच पाण्यात आहे. चौफेर कुंड, मधोमध कोरीव काळा दगड. सकाळी लवकर जा.

अंबाजोगाईला मात्र अर्ध्या दिवसात उरकू नका. इथली योगेश्वरी ही दूर कोकणातल्या कित्येक घराण्यांची कुलदेवी. कथा अशी की देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. देवी कुमारिकाच राहिली आणि वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले. जयवंती नदीकाठी खडकात कोरलेल्या हत्तीखाना लेण्यांच्या अंगणात दगडी हत्ती पाहिले की हे वऱ्हाड खरंच वाटू लागतं. नवरात्र इथे आश्विनात असतंच, शिवाय मार्गशीर्षातही देवीचा मोठा उत्सव होतो.

याच गावात दासोपंत होऊन गेले (१५५१–१६१५). त्यांनी ग्रंथ लिहायला कागद नव्हे, चक्क पासोडी घेतली! सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ आकृत्यांसह लिहून काढलं. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा भलामोठा तक्ता मराठीची अस्सल दौलत आहे आणि प्रत्येक शाळकरी मुलाला तो ठाऊक असायला हवा. गावाबाहेरच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या १०२ वर्षं आधीचा मानतात.

आणि तो ठरलेला नवरदेव? तो परळीत, जेमतेम २५ किलोमीटरवर. वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. इथे भाविकाला ज्योतिर्लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं, हे या देवस्थानाचं मोठं मन.

आता उत्तरेला गोदाकाठी. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला लोक शनीच्या दर्शनाला येतात, पण या मातीत १० ऑगस्ट १७६३ रोजी मोठी लढाई झाली. निजामअली नदी ओलांडून गेला होता, गोदावरी दुथडी भरलेली, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर सैन्यासह अलीकडे अडकलेला. राघोबादादा वेढ्यात सापडले. त्यांना सोडवून लढाई जिंकणारे माधवराव पेशवे तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते. माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला एरवी शांतता असते. अधिक महिना लागला की गोदाकाठ माणसांनी फुलतो. २०२६चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, तेव्हा धोंड्याच्या महिन्यात जावयाला घेऊन जायची सोय झालीच! रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२चा ताम्रपट या गावाच्या नावानेच ओळखला जातो.

डोंगर आवडणाऱ्यांनी बालाघाट धरावा. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून थेट दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं मंदिर. श्रावणात गर्दी फार. मी म्हणेन भाद्रपदात जा. कपिलधारला धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी एकाच जागी आहे, कार्तिकी पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. पाटोदा तालुक्यातलं नायगाव अभयारण्य १९९४ साली खास मोरांसाठी जाहीर झालं. मोर पाहायचे तर पहाटे.

पाऊस सरला की धारूरच्या बाजूला उतारांवर सीताफळं पिकतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात पाटीवाल्या मावशींकडून घ्या. आज खायचं की उद्या, ते त्या फळ दाबून अचूक सांगतात. आणि ‘बीडला रेल्वे कुठे आहे?’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न आता विचारू नका. १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून गाडी बीडपर्यंत पोहोचली. परळीपर्यंतचं काम पूर्ण झालं की वैजनाथही याच रुळांवर येईल.