तुडुमाची दुसरी पायरी

हस्त कोरडा चालला आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या गावात हलका धान पिवळा पडू लागलाय, त्याला आता पाणी नको. भारी धान मात्र गर्भावर आहे. आठ-दहा दिवसांत तो निसवेल, आणि त्या वेळी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, कोरडी राहिली तर लोंब बाहेर पडेल पण दाणा भरणार नाही. म्हणून आज तलावाचं तुडुम उघडायचं ठरलं आहे आणि सकाळपासून पाळीवर माणसं जमली आहेत.

मी पाळीच्या माथ्यावर उभा आहे. डाव्या हाताला तलाव, उजव्या हाताला धान. तलावातलं पाणी माझ्या पायांपासून अर्धा पुरुष खाली आहे आणि उजवीकडची पहिली बांधी त्याहूनही खोल. या दोन उंचींमधल्या फरकावर इथली सगळी शेती उभी आहे. मोटार नाही, डिझेलचं इंजिन नाही, विजेची तार पाळीपर्यंत आलेलीही नाही. पाण्याचं वजन आणि जमिनीचा उतार, एवढ्या भांडवलावर हा तलाव पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवतो.

तुडुम म्हणजे पाळीच्या पोटात उतरत जाणारा दगडी जिना. प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडी डट्टा. पावसाळा संपताना सगळ्या पायऱ्या पाण्याखाली असतात. पाणी जसं उतरतं तशी वरून एकेक पायरी उघडी पडते आणि तिच्या खालच्या पायरीचा डट्टा काढायची वेळ येते. भोकातून पडणारं पाणी आतल्या दगडी मोरीतून पाळीच्या पलीकडे निघतं आणि पाटाला लागतं. यंदा पहिली पायरी आधीच कोरडी झाली आहे.

"दुसरी खोला जी काका," पाळीवरून कोणी तरी म्हणतं.

काका साठी ओलांडलेले आहेत. धोतर खोचून पाण्यात उतरतात, दुसऱ्या पायरीवर उभे राहतात. पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर आहे, म्हणजे अर्धा मीटर धरू. वाकून डट्ट्याची मूठ धरतात, जरा डावी-उजवीकडे हलवतात आणि उपसतात. डट्टा निघतो. पाण्यावर एक भोवरा उठतो आणि काका लगेच दोन पावलं मागे सरतात. सोबतच्या पोराला हाताने अडवतात. "पाय नको नेऊ तिकडं. ओढून घेते."

वीतभर रुंदीपेक्षा कमी, म्हणजे पंधरा सेंटिमीटर व्यासाचं भोक असेल, तर त्यावर अर्धा मीटर पाण्याचा भार साधारण नऊ किलो होतो. तेवढा काकांचा हात उचलतो. हेच भोक दोन मीटर खोल असतं तर डट्ट्यावर पस्तीस किलो बसले असते, तीन मीटरवर पन्नासच्या पुढे. तलाव केवढा पसरलाय याच्याशी या भाराचा संबंध नसतो; संबंध असतो तो फक्त खोलीशी. दहा एकरांचा तलाव असो की हजार एकरांचा, दोन मीटर खोलीवरच्या भोकाला दाब सारखाच. म्हणूनच इथल्या पाळी तळाशी एवढ्या रुंद आणि माथ्यावर अरुंद ठेवल्या आहेत. खाली जोर जास्त, तर खाली माती जास्त.

पायऱ्या करण्यामागचं शहाणपण मला आज इथे उभं राहून उमगतं आहे. अर्धा मीटर खालच्या भोकातून पाणी सेकंदाला तीन मीटरच्या वेगाने सुटतं. खोली चौपट केली, दोन मीटर, तर वेग दुप्पट होतो, सहा मीटरच्या वर. एवढ्या वेगाचं पाणी मातीच्या पाटात सोडलं तर पाट खरवडून निघेल. एकच भोक तळाशी ठेवणं बांधायला सोपं होतं. ते न करता ज्यांनी जिना रचला त्यांनी पाण्याच्या जोराला लगाम घातला: नेहमी वरचं भोक उघडायचं, म्हणजे डोक्यावर पाणी थोडंच राहतं, डट्टा हाताने निघतो आणि पाट शाबूत राहतो. हे गणित त्यांनी कागदावर मांडलं नसेल. पण दगडात मांडलेलं इथे दिसतं आहे.

पाळीच्या पलीकडे, मोरीच्या तोंडातून पाणी बाहेर आलं आहे. गढूळ, पुढे वाळका पाला ढकलत. आम्ही काठाकाठाने त्याच्यासोबत चालू लागतो. चालताना मला उतार जाणवतच नाही. पायाला ही जमीन सपाट आहे. पहिल्या बांधीपासून शेवटच्यापर्यंत किलोमीटरभर अंतर, आणि उतरण दोन मीटरही नसावी. पाण्याला तेवढी पुरते. एखाद्या वळणावर ते थबकतं, पसरतं, बोटभर चढतं आणि पुढची वाट काढतं. पृथ्वी प्रत्येक थेंबाला आपल्या मध्याकडे ओढते आहे. थेंबाला सरळ खाली जाता येत नाही म्हणून तो तिरपा जातो. इथून निघालेलं जे पाणी कोणी अडवणार नाही ते गाढवी नदीत, मग वैनगंगेत, प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचेल. त्या लांबलचक घसरणीत मध्येच एक पाळ घालून माणसाने म्हटलं, थोडं थांब, धान होऊ दे.

हे म्हणणारे बहुतांशी कोहळी समाजाचे लोक. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, अशा बोलीवर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात तलाव उभे राहिले. इथून जवळच्या नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगितलं जातं. तीन बाजूंना टेकड्या, चौथ्या बाजूला पाळ. कमीत कमी माती टाकून जास्तीत जास्त पाणी अडवायची जागा शोधणं हेच खरं कौशल्य होतं, आणि मला ते तलाव खोदण्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. पुढे मालगुजारी आली, 1950 च्या कायद्याने ती गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदावर त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव असं झालं. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. कित्येकांत गाळ आहे, कित्येकांत बेशरमाची झुडपं माजली आहेत, कित्येकांचे पाट शेतांनी गिळले आहेत. पाणी आहे, उतारही आहे. दोघांमधली वाट मात्र मोडली आहे. हे पाहून जीव तुटतो.

पाणी पहिल्या बांधीत शिरतं. काका आणि दोघं-तिघं फावड्याने धुऱ्याला, म्हणजे बांधाला, तोंड पाडतात. बांधी बशीसारखी सपाट आहे, आणि ती सपाट असणंच महत्त्वाचं, कारण एक कोपरा चार बोटं उंच राहिला तर तिथला धान तहानलेला राहील आणि खालच्या कोपऱ्यातला बुडेल. रोवण्याआधी चिखलणी करताना शेतकरी साचलेल्या पाण्याकडे बघून माती ओढत असतो. जमीन जिथे उघडी पडेल तिथली माती काढायची, पाणी जिथे खोल दिसेल तिथे टाकायची. चिखलणीचा दुसरा उपयोग डोळ्यांना दिसत नाही. मातीचे बारीक कण तळाशी बसतात आणि एक गच्च थर तयार होतो, म्हणून पाणी एकदम झिरपून जात नाही. तरी थोडं झिरपतंच. तेच खालच्या विहिरींना मिळतं, आणि मामा तलावाखालच्या विहिरी उन्हाळ्यात बाकीच्यांपेक्षा उशिरा आटतात.

दुसऱ्या बांधीत गेल्या आठवड्याच्या वाऱ्याने एक पट्टा आडवा झालेला आहे. मी खाली बसून बघतो. पडलेल्या काडीचं वरचं पेर वळून पुन्हा आभाळाकडे निघालं आहे. पेरापाशी असलेल्या पेशींत पिठूळ कण असतात. काडी आडवी झाली की ते कण त्या पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात, आणि त्यावरून रोपाला खाली कुठे आहे ते कळतं. मग खालची बाजू जास्त वाढते आणि काडी वर वळते. मुळांच्या टोकातही असेच कण असतात, पण मूळ त्यांच्या इशाऱ्यावर उलट, खालच्या दिशेला जातं. एका रोपाची दोन टोकं एकाच ओढीला दोन उत्तरं देतात.

धुऱ्यावरून एक काकू गवताचा भारा डोक्यावर घेऊन येतात. धुरा ओला, जेमतेम वीतभर रुंद. मान हलत नाही, कंबर मात्र प्रत्येक पावलाला किंचित सरकते. भाऱ्याचा आणि अंगाचा मिळून जो मध्य आहे, तो टेकलेल्या पावलावरच राहिला पाहिजे. बोटभर बाहेर गेला की भारा आणि बाई दोघंही चिखलात. आम्ही बाजूला होतो.

"माया बांधीत कधी येते पानी?" त्या न थांबता विचारतात. त्यांची बांधी सगळ्यात शेवटची.

"आज रातच्याला येते जी काकू."

पण पाणी अर्ध्या वाटेवर अडलं आहे. पाटाला आडवा एक नवा सिमेंटचा रस्ता झालाय. पाण्यासाठी खाली सिमेंटची नळी टाकली आहे, पण तिच्या तोंडाशी तळं साचतं आहे आणि पलीकडे थेंब नाही. कचरा अडकला असेल म्हणून एक जण काठी घालून बघतो. नळी मोकळी आहे.

गावातला एक तरुण गवंडीकाम करतो. तो घरून पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी आणतो, तिच्यात पाणी भरतो, बुडबुडे काढून टाकतो. एक टोक पाटाच्या तळाशी रोवलेल्या काठीला, दुसरं सिमेंटच्या नळीच्या तोंडाशी. दोन्ही टोकांतलं पाणी हलतं आणि एका पातळीला स्थिर होतं. तिथून खाली तो बोटांनी मोजतो. रस्त्याखालची नळी पाटाच्या तळापासून वीतभर उंच बसवलेली निघते.

प्रत्येक गवंड्याकडे ही नळी आणि ओळंबा असतो, आणि दोन्ही एकच ओढ दाखवतात. ओळंबा तिची दिशा दाखवतो, पाणी तिच्या काटकोनातली पातळी. आपण सपाट म्हणतो ती पातळीही खरं तर पृथ्वीच्या गोलाईने वाकलेली आहे. गाढवीवरच्या इटियाडोहसारख्या मोठ्या जलाशयात चार किलोमीटरच्या अंतरावर दोन टोकं घेतली, तर मधलं पाणी ती टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा सुमारे तीस सेंटिमीटर वर असतं. इथे मात्र प्रश्न वीतभराचा आहे, आणि ती वीत कोणाच्या तरी निष्काळजीपणाची आहे. कोहळ्यांनी किलोमीटरभर पाटात जी उतरण जपली, ती एका नळीने एका जागी खाल्ली. मला राग येतो. पाण्याशी हुज्जत घालता येत नाही, त्याला अर्ज-विनंती कळत नाही. वीतभर चढ म्हणजे वीतभर चढ.

उपाय दोनच: नळी खाली घ्यायची, किंवा पाट वीतभर भरेपर्यंत वाट बघायची. आज नळी निघणार नाही. मग माणसं पाटाच्या दोन्ही काठांवर माती चढवतात, म्हणजे साचलेलं पाणी बाजूला फुटणार नाही. दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला नळीच्या पलीकडच्या तोंडातून पहिली धार पडते. वीतभर पाणी कायमचं साचून राहील आणि तेवढा गाळ दर वर्षी काढावा लागेल, हेही सगळ्यांना कळतं आहे.

जेवणानंतर पाळीवर पुन्हा बैठक. आता मच्छीमार सोसायटीचे दोघं ढिवर भाऊ आले आहेत. त्यांचं बीज तलावात आहे. मामा तलावांवर काम करणाऱ्या मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या ज्ञानाला सोबत घेऊन या भागात देशी मासे आणि पाणवनस्पती परत आणायचे प्रयत्न केले, त्यातून एक गोष्ट ठळक झाली: तलाव धानाचा आहे तसा माशाचाही आहे. सगळ्यात खालच्या भोकाच्याही खाली राहतं ते पाणी उताराने बाहेर जाऊच शकत नाही, उन्हाळ्यात मासा त्यावर जगतो. पण नुसतं तेवढंच पाणी राहिलं तर मासा वाढत नाही.

"तिसऱ्या पायरीले हात लावाचा नाई," एक भाऊ म्हणतो.

मी वहीत आकडे मांडून दाखवतो. एका एकरात पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दोनशे घनमीटर, दोन लाख लिटर. हेच पाणी पाच मीटर खोल विहिरीतून मोटारीने उपसायचं तर एकराला पाच-सहा युनिट वीज जाते. इथे ती मेहनत सूर्याने आणि ढगाने आधीच करून ठेवली आहे. या भोकातून सेकंदाला तीसेक लिटर येतात, म्हणजे एकराला पावणेदोन तास. भारी धान चाळीस एकर. लागतात आठ हजार घनमीटर, आणि पंधरा एकरांवर पसरलेल्या या तलावाची पातळी त्याने तेरा सेंटिमीटर उतरेल. पाटातली गळती धरली तर वीस. दुसऱ्या पायरीवर आज पन्नास आहे.

"म्हंजे तिसरी लागतच नाई," काका म्हणतात.

"पण पानी कमी झालं का धार मंद होते," गवंडी तरुण म्हणतो. ते बरोबर आहे. पातळी उतरेल तसा वेग कमी होत जाईल, आणि पाटातली गळती धरली तर तीन दिवसांचं काम पाच दिवसांवर जाईल.

पाच दिवस सगळ्यांना चालतात. क्रम ठरतो: आधी शेवटच्या बांधीवाल्या काकूंचं, मग खालून वर. वरच्यांचं शेत तुडुमाजवळ आहे, त्यांना पाणी कधीही मिळेल. एका वरच्या शेतकऱ्याला हे पटत नाही, तो बराच वेळ बोलतो, आणि काका त्याचं पूर्ण ऐकून घेऊन क्रम तोच ठेवतात. रात्री सिमेंटच्या नळीपाशी गवंडी तरुण आणि ढिवरांपैकी एक भाऊ बसणार आहेत. कचरा अडकला तर काढायचा आणि काठ फुटला तर आवाज द्यायचा. काकूंनी त्यांच्यासाठी भाकऱ्या पाठवायचं कबूल केलं आहे.