हौसेची मोटार आणि उसाचे पेट्रोल

गळिताच्या हंगामात कोल्हापुराहून गारगोटीच्या रस्त्याला लागले म्हणजे बिद्री जवळ आल्याची वर्दी डोळ्यांआधी नाकाला मिळते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या बाजूने मळीचा तो उग्र-गोड वास येतो आणि पुढे उसाने लादलेला ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत असतो. मागे खोळंबलेली मोटारवाली मंडळी कुरकुरतात. त्यांच्या ध्यानात नसते, की हल्ली त्यांच्या टाकीतही थोडा ऊसच खळखळत असतो.

मळीपासून, उसाच्या रसापासून आणि अलीकडे मक्यापासूनही काढलेले इथेनॉल, म्हणजे पाणी काढून टाकलेले स्पिरिट, पेट्रोलमध्ये मिसळतात. कल्पना जुनीच आहे. 'पॉवर अल्कोहोल'चा कायदा आपल्याकडे १९४८ साली झाला होता. २००३ साली काही राज्यांत शेकडा ५ ने नव्याने सुरुवात झाली आणि २०२५ पासून देशभर शेकडा २० ची मिसळ हीच रीत पडली. एक टन उसाचा सारा रस याच कामी लावला तर सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे ४० लिटरच्या टाकीतले ८ लिटर इथेनॉल उसाच्या रसाचे धरले, तर त्यासाठी सुमारे ११५ किलो ऊस लागला! उसाच्या बिलाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला हे बरेच आहे. त्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. नव्या गाड्या हे पेट्रोल पचवतील अशाच बनवतात. पंचाईत होते ती जुन्या गाडीची.

आणि जुन्या गाडीचे वेड तर आपल्याकडे घरोघर! शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघाली की कोल्हापूर माना उंचावते. अमेरिकेत १९६४ च्या सुमारास पाँटिअॅक जीटीओसारख्या आठ सिलिंडरांच्या दांडग्या गाड्या निघाल्या. त्यांना 'मसल कार' म्हणतात. त्या थाटाची देशी गाडी म्हणून आता तरुण मंडळी हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा शोधत फिरतात. लांबलचक बॉनेट, रुंद बैठक, रस्त्यावर उठून दिसणारी. चिरंजीवांनी अशा गाडीचा हट्ट धरला असेल, तर रंग आणि किंमत पाहण्याआधी ती काय पिते ते पाहावे.

पहिल्या काँटेसात अँबॅसडरचेच १४८९ सी.सी.चे इंजिन असे. एवढ्या धिप्पाड देहाला तेवढे काळीज! पुढे इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आले आणि गाडीला धाप लागेनाशी झाली. जुने इंजिन असेल तर आणखी एक चौकशी करावी. पूर्वीच्या पेट्रोलात शिसे असे. ते २००० सालापासून देशभर बंद झाले. त्या शिशाने व्हॉल्व्हच्या बैठकांची झीज थांबत असे. हेड कधी उघडले होते का, कठीण धातूच्या बैठका बसवल्या का, हे विचारावे. कोणी सांगेल, महागाचे १०० ऑक्टेनचे पेट्रोल घाला, गाडी उडेल. तसे काही होत नाही. जास्त ऑक्टेन लागते ते जास्त दाबाच्या इंजिनाला, आणि अँबॅसडरचे हे इंजिन त्या जातीचे नव्हे. मात्र त्या पेट्रोलात इथेनॉल नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पंपावर ऑक्टेनचा आकडा पाहू नये, इथेनॉल आहे की नाही ते विचारावे.

खरी भीती रबराची. जुन्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, बुचाची गॅस्केटे यांना स्पिरिट मानवत नाही. रबर फुगते, मऊ पडते, मग चिरते. पेट्रोलचा थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर काय होईल ते सांगायला नको, आणि मागच्या बाकावर मुले बसलेली असतात. म्हणून सौदा ठरवण्याआधी बॉनेट उघडून नाकाने तपासावे, बोटांनी नळी दाबून पाहावी. चिकट लागली किंवा भेग दिसली तर तेवढी किंमत खाली आणावी आणि साऱ्या नळ्या फ्लोरो-रबराच्या घालाव्यात. बाजारात त्याला व्हायटॉन म्हणतात. इथे काटकसर नको.

दुसरी गोष्ट कार्ब्युरेटरची. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ पडते. गाडी सकाळी रडत सुरू होते, ओढ कमी आणि ताप जास्त. कोकणातून परतताना फोंडा घाटात हे चांगलेच कळते. जाणता मेस्त्री जेट किंचित मोठा करून देतो. खर्च मात्र थोडा वाढतोच, कारण लिटरमागे इथेनॉलची शक्ती पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. अगदी साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्के मिसळीत ६ ते ७ टक्क्यांनी घटते, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज आहे. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी साडेनऊच्या खाली येते.

हौसेची गाडी बहुधा उभीच असते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढते. कोल्हापूरचा पावसाळा आणि अर्धी रिकामी टाकी ही जोडी वाईट. पाणी फार झाले की ते स्पिरिटासह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच ओढते! पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरावी, नाहीतर पार रिकामी करावी. पहिल्या दोन-तीन टाक्यांत जुना चिकटा आणि गंज सुटून येतो. स्वस्तातला पारदर्शक फिल्टर बसवला की तो डोळ्यांना दिसतो.

आणि डिझेलची काँटेसा मिळाली तर? तीही निघाली होती, इसुझूच्याच दोन लिटरच्या इंजिनाची. डिझेलमध्ये हे स्पिरिट मिसळत नाहीत, त्यामुळे वरच्या बहुतेक कटकटी टळतात. आवाज मात्र असा, की गल्लीच्या टोकाशी आलात तरी घरात चहाचे आधण ठेवले जाईल.