साच्यातून घडलेला उद्योग

उद्योगाचे मोजमाप ताळेबंदावरून करावे, असे आम्हा बँकेतील मंडळींना शिकविले जाते. ते योग्यच आहे. परंतु ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात न मावणारी एक मालमत्ता असते, ती म्हणजे उद्योजकाची दृष्टी. इटलीतील मिलानचे जूलिओ कास्तेल्ली (१९२०–२००६) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

कास्तेल्ली हे रसायन अभियंते. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांना प्रा. जूलिओ नात्ता यांच्यासारखे गुरू लाभले. पॉलिप्रॉपिलीनवरील मूलभूत संशोधनासाठी याच नात्तांना पुढे १९६३ मध्ये, कार्ल झीग्लर यांच्यासमवेत, नोबेल पारितोषिक मिळाले. महायुद्धातून सावरणाऱ्या इटलीत १९४९ मध्ये कास्तेल्ली यांनी ‘कार्तेल’ ही संस्था स्थापन केली. पहिले उत्पादन होते मोटारीच्या टपावर स्की वाहून नेण्याची चौकट! त्यानंतर बादल्या, टोपल्या, स्वयंपाकघरातील लहानसहान वस्तू आल्या. प्लॅस्टिक म्हणजे स्वस्त नक्कल, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. परंतु जिनो कोलोंबिनी यांनी आखलेल्या कार्तेलच्या झाकणाच्या बादलीला १९५५ मध्ये ‘कोम्पासो द’ओरो’ हा इटलीतील प्रतिष्ठेचा आरेखन-पुरस्कार मिळाला. साधी बादलीही सुंदर असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

येथे अर्थशास्त्राचा एक मुद्दा ध्यानी घ्यावयास हवा. सुतार एक खुर्ची घडवितो आणि तिच्यात दोष आढळल्यास पुढची सुधारून घेतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीसाठी मात्र आधी पोलादी साचा करावा लागतो आणि त्यात मोठे भांडवल गुंतते. हजारो नग विकले गेले तरच प्रत्येक नगामागे साच्याचा भार हलका होतो. म्हणजेच, चुकीचे आरेखन हे येथे केवळ सौंदर्याचे नव्हे, भांडवलाचे नुकसान ठरते. म्हणूनच कास्तेल्ली यांनी आरेखनकारास सजावटकार न मानता पहिल्या दिवसापासूनचा भागीदार मानले.

त्याची फळेही मिळाली. मार्को झानुझो आणि रिचर्ड सॅपर यांची पॉलिएथिलीनची लहान मुलांची खुर्ची १९६४ मध्ये आली. मुले ती एकावर एक रचून खेळूही शकत. १९६७ च्या सुमारास जो कोलंबो यांची ‘युनिव्हर्साले’ खुर्ची आली. तिच्या पाठीतील भोकामुळे ती साच्यातून सुलभतेने निघते आणि उचलण्यासही सोयीची होते. कास्तेल्ली यांच्या पत्नी, वास्तुविशारद आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी, यांनी एकावर एक रचता येणारी ‘कोम्पोनिबिली’ ही गोल कपाटे आखली. ती आजही विकली जातात. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने इटालियन गृहसजावटीचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा या पिढीच्या कार्यावर जगाची मोहोर उमटली.

पण दैव नेहमी अनुकूल नसते. १९७३ च्या तेलसंकटाने प्लॅस्टिकचा कच्चा माल महागला आणि लोकांची अभिरुचीही बदलली. अखेर १९८८ मध्ये कास्तेल्ली यांनी संस्थेची सूत्रे जावई क्लाउदिओ लुती यांच्या हाती दिली. लुती फॅशन क्षेत्रातून, व्हर्साचे संस्थेतून आलेले. त्यांनी मूळ तत्त्व सोडले नाही, परंतु फिलिप स्टार्क यांच्यासारखे नवे आरेखनकार जोडले. १९९९ मधील पूर्णतः पारदर्शक ‘ला मारी’ आणि २००२ मधील ‘लुई घोस्ट’ या पॉलिकार्बोनेटच्या खुर्च्यांनी संस्थेस नवे तारुण्य दिले. १९९९ मध्येच, पन्नासाव्या वर्षी, संस्थेचे स्वतःचे संग्रहालयही उभे राहिले.

घराण्याच्या व्यवसायात सूत्रे हस्तांतरित करण्याचा क्षण किती कठीण असतो, हे आपणा वाचकांना निराळे सांगणे नलगे. अनेक पेढ्या संपतात त्या तोट्याने नव्हे, तर ‘माझ्यावाचून कसे चालेल?’ या प्रश्नाने. कास्तेल्ली यांनी साचा पुढे दिला, पण त्यात काय ओतायचे हे पुढच्या पिढीवर सोडले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या निर्मितीत हीच सर्वांत मोलाची आहे.