लोकलमधल्या गप्पांचं मोल

पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला हार्बर लोकलला सव्वा तासाच्या वर लागतो. तेवढ्या वेळात डब्यात मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं पथ्य, कुणाचा तरी इंटरव्ह्यू आणि थंडी पडली की गिझर, सगळं निघतं. ही वायफळ बडबड नव्हे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली मांडलेल्या निष्कर्षानुसार, ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती बातमी अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. रोजच्या घसटीतल्यांकडून मिळालेले सुमारे 17 टक्केच. कारण साधं आहे: घरच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच, समोरच्या बाकावरची बाई मात्र वेगळ्या कचेरीत जाते. आता मोबाइलवर जाहिराती दिसतात, मग गप्पा कशाला, असं कुणी म्हणेल. पण मुलाखतीत नेमकं काय विचारतात, पगार वेळेवर होतो का, हे जाहिरात सांगत नाही. ओळखीने वशिला वाढतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. ज्याला ओळखीच नाहीत तो मागे पडतो. डब्यातला सल्ला तपासूनही घ्यावा. गॅस गिझर स्वस्त पडतो असं कुणी सांगितलं, तर बाथरूममध्ये हवा खेळते का ते आधी पाहा. कारण हवा कोंडली तर त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.